घंटेनंतरची रांग

मी कुठे नोकरी करते असं कुणी विचारलं की आई सांगते, "कॅनडात शेतकी खात्यात आहे." हे खोटं नाही. घोड्यांच्या शर्यतींवर लोक जे पैसे लावतात त्यावर देखरेख ठेवणारं आमचं ऑफिस इथे खरोखरच शेतकी मंत्रालयाखाली येतं. आई फक्त घोडे आणि पैसे हे दोन शब्द गाळते. त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकांची समजूत आहे की मी गव्हाची पाहणी करते. बाबांना खरं माहीत आहे. ते त्याबद्दल काही विचारत नाहीत, एवढंच.

ओटावात शिक्षण संपल्यावर मी दिसेल त्या सरकारी जागेसाठी अप्लाय करत होते आणि जी पहिली मिळाली ती घेतली. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आकडे तपासायचे असतील, असं मला वाटलं होतं आणि ते मला चाललं असतं. मी अनोळखी माणसांशी सहज बोलू शकत नाही. लहानपणी शाळेत इंग्लिशमध्ये गप्प बसायचे, घरी येऊन मराठीत गप्प बसायचे. पण ज्या बाईंच्या हाताखाली मला दिलं होतं त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात मला गाडीत बसवून गावोगावच्या जत्रांना न्यायला सुरुवात केली.

त्या मूळच्या मॉन्ट्रियलच्या, रिटायरमेंटला आलेल्या. गाडीच्या डिकीत कायम रबरी बूट असायचे आणि वाक्याची सुरुवात बहुतेकदा फ्रेंचमधल्या "बों"ने, म्हणजे "बरं"ने, व्हायची. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे पैसे घेऊन तिकीट देणाऱ्या खिडकीवरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचं. दुसरी गोष्ट त्यांनी माझी थट्टा करत सांगितली. "तू खोलीत असलीस तरी कुणाला दिसत नाहीस. आमच्या कामात असा माणूस मिळायला नशीब लागतं." मी हसले. मनात मात्र ते वाक्य बरेच दिवस जपून ठेवलं, कारण माझ्या गप्प असण्याचा उपयोग आहे असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही ज्या जत्रेला गेलो ती ओटावापासून काही तासांवरच्या एका लहान गावातली. गाईंच्या स्पर्धा, भोपळ्यांची वजनं, गोधड्यांचं प्रदर्शन, ट्रॅक्टर ओढायच्या शर्यती. एके काळी तिथे घोडेही धावायचे. इथल्या शर्यतीत घोड्यावर कुणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी असते आणि तिच्यात हाकणारा. गावाची ती धावपट्टी कधीच बंद पडली होती आणि तिच्यावर गवत वाढलं होतं. म्हणून जत्रेच्या कमिटीने एक तंबू उभारून, दूरच्या रेसकोर्सवरच्या शर्यती मोठ्या स्क्रीनवर दाखवायची आणि तिथूनच पैसे लावून घ्यायची परवानगी मागितली होती. हे पहिलं वर्ष फक्त चाचणीचं होतं. पुढे तंबू राहणार की नाही, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

कमिटीच्या अध्यक्ष एक उंच, रुंद खांद्यांच्या बाई होत्या. आयुष्यभर त्यांनी गावची स्कूल बस चालवली होती. परवानगीसाठी त्यांनी इतके फोन केले होते की आमच्या ऑफिसात त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. त्या दिवशी हाताखाली माणसं कमी पडली म्हणून त्या स्वतःच एका खिडकीवर बसल्या होत्या. त्यांचे यजमान तंबूच्या खांबापाशी फोन कानाला लावून उभे. रेसकोर्सवरून घोडे सुटल्याचं कळलं की त्यांनी खांबाला टांगलेली गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायची आणि खिडक्यांवरच्यांनी हात थांबवायचा, असा नियम.

घंटा का लागते ते सांगायला हवं. स्क्रीनवरचं चित्र तंबूत पोचायला थोडा वेळ घेतं. तंबूतल्यांना घोडे अजून उभे दिसत असतात तेव्हा तिकडे ते धावू लागलेले असतात. तिकिटं काढायच्या यंत्रांना रेसकोर्सवरून आपोआप कुलूप पडतं, पण कधीकधी तेही उशिरा पडतं. तेवढ्या वेळात एखाद्याला मित्राने फोनवर सांगितलं की अमका घोडा पुढे निघालाय, तर तो पाहून पैसे लावल्यासारखं होईल. आणि जिंकणाऱ्याला मिळणारे पैसे हरणाऱ्यांनी लावलेल्या पैशांतूनच येतात. आमच्या बाईंनी मला गाडीत समजावलं होतं, "लोक एकमेकांविरुद्ध पैसे लावतात. आपण फक्त मधलं भांडं धरून उभे आहोत. भांडं हललं तर सगळं संपलं."

दुपारी मी टार्ट घ्यायला स्टॉलवर गेले. गावातल्या बायका बटर टार्ट, म्हणजे लोणी-साखरेचं सारण भरलेल्या खुसखुशीत वाट्या, करून आणतात आणि ते संपायच्या आत मिळवणं हा जत्रेतला मोठा उद्योग असतो. रांग लांब होती. टार्ट संपत आल्यावर स्टॉलवरच्या एका बाईंनी ट्रेकडे पाहिलं, रांगेतली माणसं नजरेनेच मोजली, बाहेर आल्या आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात एक भलामोठा लाकडी चमचा दिला. ते अभिमानाने तो खांद्यावर घेऊन उभे राहिले. चमचा ज्याच्या हातात तो शेवटचा, त्याच्यामागच्यांनी उगाच ताटकळू नये. मागे वळून ते मला म्हणाले की माफ कर, पण माझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच आहे. रांगेत उभं राहू दिलेल्या माणसाला इथे कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. म्हणूनच कुणाला उभं राहू द्यायचं, हे आधी ठरवतात. मला टार्ट मिळाला नाही, आणि वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळच्या आधीच्या शर्यतीला तंबू भरलेला होता. मी माझ्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर, खिडक्यांवरचे हात बघत होते. घंटा वाजली. बाकीच्या खिडक्यांवरचे हात थांबले. अध्यक्षबाईंचे थांबले नाहीत. त्यांच्यासमोर अजून दोघंतिघं उभे होते. घाई नाही, लपवाछपवी नाही. त्यांनी एकेकाचं म्हणणं नीट ऐकलं, तिकीट दिलं, हसून पुढच्याकडे पाहिलं. यंत्राचं कुलूप नेमकं त्याच वेळी उशिरा पडलं. स्क्रीनवर घोडे अजून उभेच होते.

मी उठून आमच्या बाईंपाशी गेले आणि काय पाहिलं ते हळू आवाजात सांगितलं. त्यांनी मला खात्री आहे का, असं विचारलंसुद्धा नाही. लगेच रेसकोर्सवरच्या आमच्या माणसाला फोन लावून निकाल पक्का करू नका म्हणाल्या. तोवर इकडे शर्यत संपली होती. कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एक घोडा पहिला आला होता, आणि ज्यांना घंटेनंतर तिकीट मिळालं होतं त्यांतल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्यावर पैसे लावले होते. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, हातात तिकीट उंच धरलेलं. आजूबाजूचे त्याची पाठ थोपटत होते.

बाई खिडकीपाशी गेल्या. मी त्यांच्या मागे.

"घंटेनंतर तिकिटं दिलीत?"

"हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते रांगेत होते."

त्यांच्या दृष्टीने तेवढ्यात सगळं आलं होतं. जत्रेत सगळीकडे जे करतात तेच त्यांनी इथे केलं होतं.

"ते रांगेत होते हे मला मान्य आहे," बाई म्हणाल्या. "घोडे सुटले होते, हेही तुम्हाला मान्य करावं लागेल."

अध्यक्षबाईंनी खांबाकडे, मग स्क्रीनकडे पाहिलं. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं, कारण टेबलावरचे त्यांचे हात एकदम मिटले. मला वाटलं होतं त्या आता यंत्राला दोष देतील. दिला असता तरी ते पुरतं खोटं नव्हतं. बाईंनी त्यांना सांगितलं की ती तिकिटं रद्द होतील, लावलेले पैसे परत मिळतील आणि मग निकाल पक्का होईल. ही घोषणा आमच्याकडून करता येईल, असंही म्हणाल्या.

"नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "गाव माझं आहे."

त्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की घंटा झाल्यावर मी काही तिकिटं दिली, ती चूक माझी, घेणाऱ्यांची नाही. ती तिकिटं धरली तर तुमच्यातल्याच बाकीच्यांच्या वाट्याचे पैसे जातील, म्हणून ती परत घ्यावी लागतील. इतकंच. आवाज बस चालवणाऱ्या बाईचा, मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

टोपीवाले म्हातारबा तिकिटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग सावकाश खिडकीपाशी आले आणि त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"जन्मात एकदा बरोबर घोडा ओळखला," ते म्हणाले, "आणि तोही बेकायदेशीर निघाला."

लोक हसले. ते पुढे म्हणाले, "माझ्या पोरांसाठी रोज बस थांबवायचीस. घोडेही जरा थांबवायला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण उशीर करायला त्यांच्याकडे तुझ्या पोरांसारखी सबब नव्हती."

त्यांचे डोळे मात्र हसत नव्हते. मी हातांकडे बघायला शिकले होते, तरी त्या दिवशी तोंडाकडेही पाहिलं.

तंबू रिकामा झाल्यावर आम्ही तिघी बाहेरच्या लाकडी बाकावर बसलो. बाईंनी सरळ सांगितलं की झालेलं सगळं रिपोर्टमध्ये जाईल आणि परवानगी मिळेल की नाही ते आज सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी हे पुन्हा होणार नाही, याची खात्री मात्र त्यांना हवी होती. घंटा झाली की समोर कोणीही असो, खिडकी बंद.

अध्यक्षबाई गवत वाढलेल्या धावपट्टीकडे बघत होत्या. लहानपणी त्या वडिलांबरोबर तिच्या कठड्यावर बसायच्या, हे त्यांनी सकाळी आम्हाला सांगितलं होतं.

"मी ज्याला रांगेत उभं केलं त्याच्या तोंडावर खिडकी नाही लावणार," त्या म्हणाल्या. "आज लावायला हवी होती, ते कळलं मला. पण दरवेळी तेच करावं लागणार असेल तर तंबू नको. दुसऱ्या कुणाला अध्यक्ष करा."

बाईंच्या हातात देण्यासारखं काही नव्हतं. नियम तर त्या बदलू शकत नव्हत्या. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या आणि दोघींना ते ठाऊक होतं. इतका वेळ मी गप्प होते, आणि गप्पच राहिले असते तर कुणाला वावगं वाटलं नसतं.

"टार्टच्या रांगेत चमचा होता," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे वळल्या. माझा आवाज लगेच बारीक झाला. मी कसंबसं सांगितलं की तिथे खिडकी कुणाच्याही तोंडावर लावत नाहीत, रांगेचं शेपूट आधी बंद करतात. इथेही शर्यतीच्या थोडं आधी शेवटच्या माणसाला चमचा द्यायचा. त्याच्यामागे कुणी उभं राहायचं नाही. घंटा होईपर्यंत रांग संपलेली असेल. मग हात थांबवायला त्रास होणार नाही, कारण समोर कुणीच नसेल.

अध्यक्षबाई म्हणाल्या की चमचा तर आमचाच आहे, पण सरकारी कामात असलं काही चालतं असं आम्हाला वाटलंच नाही.

"बों," बाई म्हणाल्या. "सरकारी कामात त्याला चमचा नाही म्हणायचं."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला शाबासकी दिली नाही. गाडी चालवता चालवता फक्त म्हणाल्या की रिपोर्टचा तो भाग तू लिही, तुला रांग दिसते. मी लिहिला. चूक काय झाली, ती कुणी कबूल केली आणि कशी सुधारली, यातलं बाईंनी काही सौम्य केलं नाही, काही वाढवलंही नाही. शेवटी माझ्या परिच्छेदात, रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात सर्वांना दिसेल अशी खूण द्यावी, एवढंच वाक्य त्यांनी ठेवलं. लेखी नियमांना त्या फार जपायच्या, आणि तरीही त्यात माणसांच्या सवयीसाठी जागा करता येते हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

हिवाळ्यात मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असताना त्यांचा फोन आला. परवानगी मिळाली होती, त्या अटीसह. त्या आठवड्यात मी आईला सगळी गोष्ट सांगितली. घोडे, पैसे, खिडकी, काही न गाळता. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण त्या म्हाताऱ्याला निदान टार्ट तरी दिला का?" मागून बाबांचा आवाज आला, "दिला असेल. बाई भली दिसते."

पुढच्या ऑगस्टमध्ये बाई रिटायर झाल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी एकटी होते. शर्यतीच्या थोडं आधी अध्यक्षबाई खिडकीमागून उठल्या, रांगेच्या टोकाला गेल्या आणि शेवटच्या माणसाच्या हातात चमचा दिला. ते टोपीवाले म्हातारबाच होते. मला वाटतं, ते मुद्दाम मागे राहिले होते. एक जोडपं धावत आलं, चमचा बघून मुकाट्याने थांबलं. अध्यक्षबाई परत खिडकीवर बसल्या आणि रांग सरकली. म्हातारबांनी तिकीट घेतलं, चमचा टेबलावर ठेवला आणि जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबले.

"यंदा मी कायदेशीर आहे ना?"

ड्यूटीवर असताना कुणाच्या पैजेबद्दल बोलायची आम्हाला मुभा नाही. मी खिडकीकडे पाहिलं. तिच्यासमोर कुणी नव्हतं आणि अध्यक्षबाईंचे दोन्ही हात चमच्यावर स्वस्थ पडले होते. मग घंटा वाजली.