विहीणबाईंचा वाफा

शहरातल्या मोठ्या बागेत जन्म घालवलेला माणूस. नोकरी संपली तरी लोक त्याला हेडमाळीच म्हणत, आणि त्यालाही ते गोड वाटे. बायको गेल्यावर त्यानं मुलाकडे राहून पाहिलं. सून उठताबसता म्हणायची, "बाबा, जरा बाल्कनीत बसता का?" बाल्कनी दीड माणसाची. लेकीच्या सासरी राहायचं म्हणजे मान खाली घालून राहायचं, हे पक्कं ठाऊक होतं. तरी लेकीनं बोलावलं आणि तो आला. दुसरीकडे जायचं तरी कुठे?

लेकीचं घर उंचावर, थंड मुलखात. ज्या शहरात त्याची हयात गेली तिथे वर्षभर ऊन टाळू भाजायचं. इथे भाजी आणायलाही जाड कोट घालून जावं लागे. जावई भला होता, पण सकाळी कारखान्यात गेला की अंधार पडल्यावरच घरी. लेकही नोकरीवर. घर चालायचं ते विहीणबाईंच्या शब्दावर, आणि विहीणबाईंचा जीव अडकलेला दारापुढच्या वाफ्यात.

त्या वाफ्यात 'लेडीज मँटल' नावाचं एक झाड होतं. गोल पानं, कडेला झालर शिवल्यासारखी. सकाळी पानापानावर टपोरे थेंब बसलेले असत आणि बोट लावलं की घरंगळत. शेजारी फ्लॉक्स, होस्टा, डे-लिली अशी थंड मुलखातली फुलझाडं. "एकदा लावली की वर्षानुवर्षं बघायला नको," असं विहीणबाई येईल त्याला सांगायच्या. जुना गड्डा फोडून त्यांनी गल्लीत घरोघर तुकडे वाटले होते. हेडमाळ्याला मनातून ही झाडं फिकीच वाटायची. पण तो "वा, वा" म्हणायचा. अन्न त्यांच्या घरचं खायचं, तर फुलांना नावं कशी ठेवणार?

थंडी सुरू झाली तशा विहीणबाई, दमा उसळतो म्हणून, धाकट्या मुलाकडे निघाल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "व्याहीबुवा, वाफा तुमच्या ओटीत घालून चाललेय हं!"

म्हातारा फुशारला. आता आपण फुकटचं खात नाही, घरात आपल्यालाही काम आहे. एवढ्यावर गडी रोज पहाटे उठू लागला.

आणि त्याच्या हाताखाली वाफा मरायला लागला.

आधी होस्टाची पानं पिवळी पडून लोळागोळा झाली. मग लेडीज मँटलची झालर करपली. त्यानं पाणी वाढवलं, मग तोडलं. खत घातलं, राख टाकली, पोती पांघरली. एकाचाही गुण येईना. त्यात शेजारच्या अंगणातली झाडंही माना टाकू लागली, तेव्हा तर त्याची पाचावर धारण बसली. आपल्या वाफ्यातला रोग गल्लीभर पसरला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तोंड उघडून कुणाला तरी विचारायचं की नाही? पण नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हेडमाळ्यानं झाडाबद्दल दुसऱ्याला विचारायचं? त्याच्या बागेत एकच नियम होता, वाळलं की मुळासकट उपटायचं, नाहीतर कीड शेजाऱ्याला लागते. घरात कुणी नाही असं पाहून त्यानं अख्खा वाफा खणला आणि गड्डे पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकले. ऊन पडलं की अशीच रोपं विकत आणून गुपचूप लावू, असा बेत.

संध्याकाळी लेक म्हणाली, "वाफा साफ केलात वाटतं?"

"हो."

"बरं केलंत. वाळलेलं सगळं कापावंच लागतं." तिला वाटलं, वरचा पाचोळा काढलाय. त्यालाही हायसं वाटलं.

पुढे बर्फ पडलं आणि सगळ्यांची अंगणं सारखीच दिसू लागली. फोनवर विहीणबाई विचारत, "वाफा काय म्हणतो?" हा सांगे, "झकास."

बर्फ वितळलं. एका सकाळी शेजारणीच्या कुंपणापाशी तो थबकला. काळ्या मातीतून पंख्यासारखी मिटलेली हिरवी पानं वर येत होती, आणि कडेला तीच झालर.

"ही नवीन लावलीत?"

शेजारीण हसली. "नवीन कुठली? तुमच्या विहीणबाईंनीच दिलेली. थंडीत वरून मरतं, खाली मूळ जिवंत असतं. इथे सगळ्यांचंच तसं. अहो, तुम्ही तर माळी ना?"

तो तिथूनच मागे वळला. घरी येऊन खाटेवर पडून राहिला, जेवला नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

विहीणबाई आल्या त्या सामान खाली ठेवायच्या आधीच वाफ्यापाशी गेल्या. माती सपाट. त्यांनी गल्लीभर उगवलेल्या हिरव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रोगाची गोष्ट त्यानं घोकून ठेवली होती, पण या हिरव्यापुढे ती सांगणार कशी?

"मला वाटलं, मेलं सगळं," तो कसाबसा म्हणाला. "फार केलं हो मी. पाणी, खत..."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "थंडीत तिथे काहीच करायचं नसतं, व्याहीबुवा. म्हणून तर तुमच्यावर सोपवला. म्हटलं, तुमचंही मन राहील आणि बिघडायचंही काही नाही."

काम म्हणून जे त्यानं छातीशी धरलं होतं, ते पोराच्या हातात खेळायला रिकामा डबा द्यावा तसं दिलेलं होतं.

वाफ्याचं काही अडलं नाही. आठवडाभरात गल्लीनं आपापले गड्डे फोडून तुकडे परत आणून दिले. हा कुदळ घेऊन पुढे झाला, तर विहीणबाईंनी ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली. "राहू द्या. तुम्ही आत बसा, गारठा आहे." त्या रागात नव्हत्या, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

रात्री जेवणं झाल्यावर लेक त्याच्या खाटेच्या कडेला येऊन बसली. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.

"बाबा, थोडे दिवस दादाकडे जाऊन येता का?"

"थोडे म्हणजे किती?"

लेकीला रडू फुटलं. तिचा हात थोपटत तो म्हणाला, "अगं, मी सहज विचारलं."