राहनाळच्या हिराबायची लाथ

आईशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे एक गोष्ट सोडून. पंचाहत्तरच्या आसपास भिवंडीत मी लूमवर होतो. लूमखाली कापसाची लव साचते तसे आमच्या कारखान्यात कंबरेचे किस्से साचायचे. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच.

उस्मानचाचा चार लूम सांभाळायचे. बारा तास, बगळ्यासारखा सगळा भार डाव्या पायावर टाकून. एक दिवस पाय उचलेना. डॉक्टरांनी कंबरेखालच्या खळीवर अंगठा दाबला, तर चाचांनी टेबलावरची चादर फाडली! मणका जिथं खुब्याच्या हाडाला मिळतो तो सांधा धरलाय, डॉक्टर म्हणाले; दोन्ही पायांवर उभे राहा, शेक घ्या, पट्टा बांधा.

"चार लूम को दो आँखें पुरती नहीं," चाचा म्हणाले, "टांग कौन देखे?"

*

चाचा राहनाळला हिराबायकडे गेले. बाय पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. तिची लाथ बसली की उसण जाते, असं सगळा गाव म्हणायचा. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते काही सांगायच्या आत बाय मागून म्हणाली, "चौथा लूम सोड. तो तुला खातंय."

चाचा लाथ न खाताच परतले. त्या लूमवरचा आधीचा विणकर त्याच पायानं लंगडत गावी गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

*

मग धर्मा, आमच्याच कारखान्यातला. सूत गुंडाळलेला बीम, म्हणजे लूमचा जाडजूड रूळ, दोन माणसांचं ओझं. हा एकटा उजव्या खांद्यावरून न्यायचा. त्याचाही तोच सांधा गेला. डॉक्टरांनी तीन महिने ओझं बंद केलं. मुकादमानं मात्र सोमवारपर्यंतच मुदत दिली: बीम उचल, नाहीतर जागा दुसऱ्याला.

रविवारी दुपारी मी त्याला सायकलवर डबलसीट राहनाळला नेलं. दर खड्ड्याला एक शिवी खाल्ली.

बाय अंगणात खाटेवर होती, कंबरेपर्यंत गोधडी. धर्मा भिंतीला हात टेकून, डोळे मिटून उभा राहिला. मागं बघायचं नाही, हा नेम. बाय जागची हलली नाही. तरी धर्मा धाडकन पुढं गेला, कपाळ भिंतीवर आपटलं.

"बाय, जरा हलकं मार."

"मी न्हाय मारली रे." बायनं गोधडी बाजूला केली. "पाय त गेल्या महिन्यात कापला."

सोमवारी धर्मानं बीम उचलला.

आता खरं सांगतो. सोमवारचा बीम ही माझी थाप. धर्मा तीन महिने आडवा होता आणि त्याची जागा गेली. त्याच्या बनियनवर उमटलेला मातीचा पाय मात्र मी स्वतःच्या हातानं झटकला. कोमट होता.