पपईच्या देठातलं काळीज

जामसंड्याच्या शाळेत मी चौथीला हृदय शिकवत होते. डॉक्टर छातीला लावतात तशी नळी शाळेत कुठून असणार? म्हणून मुलांना सांगितलं, पपईच्या पानाचा पोकळ देठ आणा. एक टोक मित्राच्या छातीला, दुसरं आपल्या कानाला.

दुसऱ्या दिवशी ऐकायचं सोडून पोरं देठांच्या पिपाण्या वाजवत बसली. मी मुळातच तापट. टेबलावर हात आपटून अशी ओरडले की शेजारचा वर्गही चिडीचूप झाला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, तिने आपला देठ माझ्या छातीला लावला आणि डोळे विस्फारून म्हणाली, "बाईनू, तुमचा काळीज धावता हा!"

मग ते धावणं ऐकायला सगळ्यांनी रांग लावली. रागावलं की हृदय जोरात धडधडतं, हे फळ्यावर लिहायची गरजच उरली नाही.

आता मी आवाज चढवला की कुणीतरी पळत जाऊन देठ तोडून आणतं. "बाईनू, बघूया?" मला हसू फुटतं, तर म्हणतात, "हसल्यार पण धावता!"

शाळेमागची पपई पार बोडकी झाली आहे.