ड्रोन, वारा आणि सुभेदार काका

शेजारचे निवृत्त सुभेदार काका आमच्या कुंडल गावच्या उसावर ड्रोननं औषध फवारतात. उडवण्याआधी त्याच्यावरून हात फिरवतात, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मला सैन्यात ड्रोन चालवायचेत, हे मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. त्या सकाळी त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला. ड्रोन वर गेल्यावर त्यांनी शांतपणे माझ्या हातातल्या रिमोटवरून जीपीएस, म्हणजे ड्रोनला जागेवर धरून ठेवणारा उपग्रहाचा सिग्नल, बंद केला. वाऱ्यानं ड्रोन विजेच्या तारांकडे सरकू लागला.

"काका, हे काय?"

"लढाईत पयलं सिग्नलच मारत्यात, पोरी. आता डोळ्यानं आण."

रिमोट परत घ्यायला त्यांचा हात एकदाही पुढे आला नाही. मी ड्रोन बांधावर उतरवला. धाप लागली होती, तरी हसू आवरेना.

"आता घरी सांग," ते म्हणाले, "न्हाईतर मी सांगतो."

चप्पल हातात घेऊन मी घराकडे पळाले.