मैदान आखणारी मावशी

"देवानं डोये काय नुसते काजळ घालाले देले का?" असं मावशीनं विचारलं की समजावं, आपल्या नजरेतून काहीतरी सुटलं आहे. अकोल्यात आमच्या खो-खोच्या मैदानावर ती चुन्याच्या फक्कीनं रेषा आखायची. वाकून आखता आखता कोणाचा बूट फाटला, कोण उपाशी पळते आहे, सगळं तिला दिसायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी शाळेत शिकवते आणि तेव्हा मुलींच्या संघाची व्यवस्थापक होते. मला मात्र काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

सरावाआधी प्रत्येक मुलीनं प्रशिक्षक सरांच्या पाया पडायचं, ही आमची रीत. नववीतली आमची सगळ्यांत चपळ पोरगी एकाएकी ते टाळू लागली. पाया पडणं उरकलं की मागून यायची. मी भडकले. "पदक मिळालं आणि संस्कार गेले का?" म्हणत मी तिला सगळ्यांदेखत सरांसमोर वाकायला लावलं. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मावशीनं मला हाताला धरून बाजूला नेलं. "काय करून राहिल्या म्याडम तुमी? पोरगी मस्तीत नाई, भेली हाय! सर जवळ आले का अंग चोरते. आन् तिले एकटीलेच जादा सराव कावून?"

मावशीला काय म्हणायचंय ते मला कळलं. तरी तोंडातून निघालं, "पण मावशी, पोरीचं नाव खराब होईल."

"पोरीचं कावून? ज्यानं केलं त्याचं होऊ द्या!"

तिनं पोरीला खोदून काही विचारलं नाही. रेषा आखायची दोरी होती, तिचं एक टोक पोरीच्या हातात दिलं आणि सोबत ठेवून घेतलं. जादा सरावाच्या वेळी स्वतः मैदानात ठाण मांडून बसली. तिसऱ्या दिवशी दोरी धरल्या धरल्या पोरगी आपणहून बोलली आणि रडली.

"सांगतलं, लय चांगलं केलं. तुयं काईच चुकलं नाई," मावशी म्हणाली. "पन हे मी पोटात ठेवनार नाई, बरं. तुया मायले सांगू, मंग ठान्यात जाऊ."

संस्थेचे लोक धावत आले, आपसांत मिटवू म्हणाले. मावशी कडाडली, "मिटवाले हे काय वावराच्या धुऱ्याचं भांडन हाय?" आम्ही त्याच दिवशी पोरीच्या आईसोबत पोलीस ठाण्यात गेलो. साध्या कपड्यातल्या महिला अधिकाऱ्यानं घरी येऊन पोरीचा जबाब घेतला. सरांना अटक झाली आणि आणखी दोघी बोलल्या. पण आमच्या पोरीनं मैदान सोडलं ते सोडलंच. ती परत खेळेल का, याचाच मावशीला घोर लागला होता. नव्या ताई शिकवायला आल्या, आणि बऱ्याच दिवसांनी एकदाची पोरगी मैदानावर आली!

मावशी गेल्या वर्षी वारली. ती आठवते ती अमरावतीच्या सामन्यातली. "पय माय, पय!" म्हणून ती इतकी ओरडली की पंचांनी दोनदा ताकीद दिली आणि तिसऱ्यांदा सरळ बाहेर काढलं. ही बया भिंतीपलीकडे उभ्या मालवाहू ऑटोवर चढली! भिंतीवर नुसतं डोकं, आणि आवाज दुप्पट. खोची वाट पाहत बसलेल्या आमच्या पोरीनं वळून पाहिलं आणि खुदकन हसली. कित्येक महिन्यांनी हसली हो! तेवढ्यात पाठीवर खो पडला, आणि ती तशी हसतच सुटली.