उपाशी वाफ्याला मूठभर युरिया

भुकेल्याला मूठभर घातलं म्हणून तुम्हाला कुणी कामावरून काढलंय कधी?

आमच्या मावशीला काढलं. मावशी म्हणजे तेलबिया संशोधन केंद्रात खत टाकणारी बाई. सख्खी कुणाचीच नाही, पण अख्ख्या केंद्राची मावशी. बांधावरून हाक मारली तर चालू पंपाच्या घरघरीतही ऐकू जाईल असा आवाज.

तिथं मोहरीची वाणं तपासतात. प्रत्येक वाणाचे दोन वाफे. एकाला पुरेपूर युरिया, दुसऱ्याला चिमूटही नाही. युरियातलं नत्र कमी मिळालं तरी कोण दाणे भरतं, ते बघायचं. मावशीनं वाणांचे नंबर कधी पाठ केले नाहीत. एकाला ती खादाड म्हणायची, दुसऱ्याला सोशिक. खत मिळालं की दोन्ही सारखीच माजायची. बिनखताच्या वाफ्यात मात्र सोशिक तग धरायचं आणि खादाडाची खालची पानं पिवळी पडायची.

तिला ते बघवेना. शेजारचा ढेकर देतोय आणि हा टाचा घासतोय, हा कसला पंक्तिप्रपंच? जाता-येता ती पिवळ्या वाफ्यात मूठ सोडायला लागली. कुणाला बोलली नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं तिला वाटलंच नाही.

पीक काढणीला आलं. साहेब पाहुण्या शेतकऱ्यांना घेऊन आले आणि खादाडाच्या टपोऱ्या शेंगा दाखवून म्हणाले, हलक्या जमिनीत हेच पेरा, खताशिवाय येतं.

"खताशिवाय कुठलं, साहेब?" मागून मावशी म्हणाली. "मी घालत होते की."

सगळा हंगाम पाण्यात गेला. साहेब मावशीला म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

मी शेतकरी-शेतमजुरांच्या संघटनेचं काम करते, तावातावानं साहेबांकडे गेले. साहेबांनी मला मनसोक्त ओरडू दिलं, मग वाफ्यावर नेलं. एकाची मुळं जमिनीतलं नत्र जास्त ओढतात, एखादं वाण पानातलं नत्र काढून दाण्याला देतं. हे पीक उपाशी ठेवल्याशिवाय कळत नाही, म्हणाले. मावशी गप्प बसली असती तर खताला पैसा नसलेल्यांनी नेमकं खादाड पेरलं असतं आणि हात चोळत बसले असते. मावशी माझी, ते पेरणारेही माझेच. मग भांडू कुणाशी?

साहेब शेवटी एवढंच म्हणाले, उपाशी वाफ्याला हात लावणार नाही असा शब्द द्या, पुढच्या पेरणीला परत घेतो.

मी हा निरोप घेऊन मावशीच्या घरी गेले. लेक तिच्यावर वैतागली होती. दे ना शब्द, पिकाला काय पोट असतं?

"मग शेंग कशानं भरली?" मावशीनं विचारलं.

साहेबांचं सगळं म्हणणं मी मावशीला समजावलं. अर्धं बोलता बोलता माझंच निसटलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"पटतंय गं," ती म्हणाली. "पण पिवळं पान दिसलं की हात ऐकत नाही. खोटा शब्द देऊ?"

घर तिच्याच मजुरीवर चालतं. सोमवारी उत्तर द्यायचंय. शब्द दे म्हणावं तर ती तो मोडणार, देऊ नको म्हणावं तर चूल थंड. मोर्चा काढायचा तर कुणावर, मोहरीवर?

तुमच्यापैकी कुणी पीक मुद्दाम उपाशी ठेवलं असेल, त्याच्याकडे रोज बघितलं असेल आणि तरी हात आवरला असेल, तर सोमवारच्या आत या. मला काही सांगू नका. मावशीशेजारी बसा आणि ते कसं जमतं, तिला सांगा.