नातीला राखणारे आबा

“चालू द्या तुमचं,” असं म्हणून आबा तळहात वर करायचे आणि होते तिथंच आणखी ऐसपैस बसायचे. उठवायला आलेला माणूसच मग निघून जाई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलतात नम्रपणे, पण तसूभरही हलत नाहीत.

शिरूरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आबांची सून सुरेखा माझ्याकडे पीएच.डी. करत होती. विषय होता माळावरची गवतं. तिला फेलोशिप मिळाली होती, पण पूर्ण वेळ काम करण्याची अट होती. मुलगी झाली, रजा संपली आणि एका सकाळी सुरेखा माझ्यासमोर रडायलाच लागली. सासू हयात नव्हती, नवरा कारेगावला कंपनीत पाळीवर. तान्हं मूल ठेवणार कुणाकडं?

“मॅडम, फेलोशिप सोडते मी.”

दुसऱ्या दिवशी निमोण्याच्या एसटीतून ती उतरली आणि मागोमाग आबा. खांद्यावर घोंगडी, हातात नात. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. उरलीसुरली मेंढरं पुतण्याच्या हवाली करून आला होता.

“आबा, मेंढरांवाचून करमेल का?” मी विचारलं.

“न्हाई करमायचं,” ते म्हणाले. “पर मेंढरं पुतण्याबी राखंल. हिला कोण राखणार? भुकंली की आईकडं, बाकी टायमाला म्या हाय की.”

कॉलेजातल्या लिंबाखाली घोंगडी पडली ती पडलीच. वॉचमन आला. “आबा, परीक्षा चालू हाय, हितं बसता येत न्हाई.”

“चालू द्या तुमचं. आमी दोघंबी काय कॉपी करत न्हाई.”

गावात भावकी हसायची, सासऱ्याची दाई झाली म्हणायची. आबा रागवायचे नाहीत. “व्हय, झालोय. तुमचं लेकरू असंल तर तेबी आणून सोडा.”

एकदा नातीनं सुरेखाचा वाळवून ठेवलेला गवताचा नमुना तोंडात घातला. सुरेखा कपाळाला हात लावून बसली. आबा मात्र खूश. “मेंढक्याची नात हाय बाई, चाखूनच वळखणार!”

फेलोशिप पुढं चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला पुण्याला समितीसमोर जायचं होतं. सुरेखा बोलायला उभी राहिली आणि दाराबाहेर पोर रडू लागली. सुरेखाचं वाक्य तुटलं. तिला पुढचं काही आठवेना. तेवढ्यात बाहेरून मेंढरांना घालतात तशी लांबलचक साद आली आणि रडणं थांबलं. समितीतले गृहस्थ दचकून दाराकडं बघू लागले. सुरेखा हसली, पाणी प्यायली आणि मग न अडखळता बोलत राहिली. फेलोशिप टिकली.

बाहेर कारकून मंडळी आबांभोवती गोळा झाली होती आणि पोर खिदळत होती.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लिंबाखाली मोटारसायकली लागतात.

सुरेखाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला ते आले होते. धुतलेला पटका, शेवटची खुर्ची. नात आता मोठी झाली होती, पण कंटाळून त्यांच्या मांडीवर झोपली होती. परीक्षकांनी सुरेखाच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लावलं आणि सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. मी मागं वळून पाहिलं.

आबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी नातीचा कान आपल्या तळहातानं अलगद झाकून धरला होता.